वडील चुकत नाहीत, पण थांबतही नाहीत

मुलुंडहून एका तरुणीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तिचे वडील ६४ वर्षांचे असून एका खासगी कंपनीतून अभियंता म्हणून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तेव्हापासून ते रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर आलेले चमत्कारांचे, घरगुती औषधांचे आणि प्राचीन विमानांचे दावे एकेक करून खोडून काढतात. चुलत बहिणीच्या साखरपुड्यात त्यांनी गुरुजींशी पत्रिकेवरून अर्धा तास वाद घातला, यंदा गणपतीला ते मोठ्या काकांकडे गेले नाहीत आणि मुलीने सुरू केलेल्या प्राणायामालाही त्यांनी ‘थोतांड’ म्हणून निकालात काढले. आई म्हणते, यांना वेड लागले आहे. मुलगी म्हणते, बाबांचे बहुतेक मुद्दे मला पटतात, म्हणूनच काय करावे ते कळत नाही. पत्राच्या अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून, दोन ओळी आहेत: धाकटी आत्या सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाने गेली, तिने केमोथेरपी अर्धवट सोडून एका काढे देणाऱ्याकडे उपचार घेतले होते आणि तिच्या रिपोर्टांची पिशवी अजून बाबांच्या कपाटात आहे.

मी गेली २५ वर्षे दादरला मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतो. प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट वेगळी काढून ठेवतो, कारण ती न काढल्यास पुढचे सारे विवेचन तुमच्या वडिलांवर अन्याय करणारे ठरेल. एखादा माणूस एखादी गोष्ट का म्हणतो हे उलगडले म्हणून तो म्हणतो ते खोटे ठरत नाही. आमच्या व्यवसायाला ही खोड फार लवकर जडते. समोरच्याच्या बालपणात डोकावले की त्याच्या मुद्द्याचे उत्तर द्यावे लागत नाही, आणि ती सोय मोहात पाडते. भोंदूगिरी उघडी पाडणाऱ्यांना आपल्याकडे काय किंमत मोजावी लागते हेही विसरून चालणार नाही. २०१२ साली विलेपार्ल्यातील एका चर्चमध्ये क्रूसाच्या पायांतून ठिबकणारे पाणी केशाकर्षणाने, तुंबलेल्या सांडपाण्यातून येते असे विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू यांनी दाखवले, तेव्हा त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावे लागले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. अशा कामामागे काही मनोव्यापार असतात असे म्हणताना हे काम मनोविकारातून होते असा सूर लागता कामा नये.

आता आजाराविषयी. वयाच्या साठीनंतर स्वभावात एकाएकी बदल झाला, पूर्वी भिडस्त असलेला माणूस चारचौघांत तोल सोडून बोलू लागला, झोप चार तासांवर आली तरी थकवा जाणवत नाही, पैसे भराभर खर्च होऊ लागले किंवा बोलण्यातले शब्द हरवू लागले, तर मी वाट न पाहता तपासणी करून घ्यायला सांगेन, कारण उन्माद किंवा मेंदूच्या पुढच्या भागाचा ऱ्हास यांची सुरुवात कधीकधी अशीच दिसते. मंत्रचळाचा आजार मात्र वेगळा असतो: त्यात करणाऱ्याला स्वतःलाच ती कृती नकोशी, निरर्थक वाटते आणि तरीही ती थांबवता येत नाही. तुमच्या पत्रातील वर्णनावरून तरी यांपैकी काही ठळकपणे दिसत नाही. वडील दुसऱ्या दिवशी दुपारी झोप भरून काढतात की नाही, एवढे मात्र नीट पाहा.

मला पत्रात सर्वांत महत्त्वाचा वाटला तो ताजा कलम. तुम्ही तो माहिती म्हणून जोडला असावा. मी उत्तराची सुरुवात तिथून करतो.

हॅरी हुदिनी हा बेड्या-कुलपांतून सुटण्याचे प्रयोग करणारा जादूगार अनेकांना ठाऊक असतो. आयुष्याची अखेरची काही वर्षे त्याने मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या माध्यमांचा पिच्छा पुरवण्यात घालवली, हे तितकेसे ठाऊक नसते. त्याची आई १९१३ साली गेली तेव्हा तो युरोपात होता आणि अखेरच्या क्षणी तिच्याजवळ असू शकला नाही. पुढे शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांच्याशी त्याची मैत्री जमली. डॉयल यांची परलोकविद्येवर गाढ श्रद्धा होती. १९२२ साली अटलांटिक सिटीत डॉयल यांच्या पत्नीने अंगात आल्यासारखे भराभर लिहून हुदिनीच्या आईचा ‘निरोप’ कागदावर उतरवला. पत्र इंग्रजीत होते आणि वर क्रूसाची खूण होती. हुदिनीच्या आईला इंग्रजी धड येत नव्हते, आणि ती एका ज्यू धर्मगुरूची पत्नी होती. त्या प्रसंगानंतर काही काळातच मैत्री तुटली. हुदिनी वेषांतर करून बैठकांना जाऊ लागला, मंचावर माध्यमांच्या युक्त्या करून दाखवू लागला आणि १९२६ साली त्याने वॉशिंग्टनमध्ये भविष्य सांगण्याच्या धंद्याविरुद्ध अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्षही दिली. मात्र याच माणसाने आपल्या पत्नीशी एक गुप्त संकेत ठरवून ठेवला होता: मृत्यूनंतर काही उरत असेल, तर मी तो संकेत पाठवीन. तो गेल्यावर त्याची पत्नी बेस दहा वर्षे त्याच्या पुण्यतिथीला बैठक घेत होती. काहीच आले नाही.

या कहाणीत मला ढोंग दिसत नाही. ज्याला त्या दाराच्या पलीकडे खरोखर कुणीतरी हवे आहे, त्यालाच त्या दारावर रंगवलेल्या खोट्या कड्या सर्वांत जास्त खुपतात. माझ्याकडे आलेल्या अशा माणसांपैकी अनेकांच्या मागे एक नाव निघाले आहे: कावीळ उतरवून घ्यायला नेलेला मुलगा, भिशीबरोबर ग्रहशांतीतही पैसे घालवून बसलेले वडील, लग्न मोडलेली मंगळाची बहीण. (ओळख पटू नये म्हणून मी तपशील बदलले आहेत.) तुमच्या वडिलांच्या बाबतीत मी न भेटता निदान करणार नाही, पण एक प्रश्न त्यांना अवश्य विचारेन. धाकट्या बहिणीने उपचार सोडले तेव्हा तुम्ही काय केले होते? पुष्कळदा उत्तर येते ते असे: तेव्हा मी काहीच बोललो नाही, तिचे मन मोडायला नको म्हणून. त्या वेळी न बोललेले एक वाक्य मग पुढे हजार वेळा, भलत्याच माणसांना, रात्री दोन वाजता बोलले जाते.

मात्र सारेच दुःखातून येते असे मानणे म्हणजे आणखी एक सोपी गोष्ट रचणे होईल. दुसरा धागा नीतीचा आहे. टॉमस स्टॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे मांडले की काही लोकांना पुराव्यावर विसंबून विचार करणे केवळ उपयोगाचे वाटत नाही, ते त्यांना नैतिक कर्तव्य वाटते. आणि अशा लोकांना दुसऱ्याचे अविवेकी वागणे चूक न वाटता अपराध वाटते, ज्याला शासन व्हायला हवे. तुमच्या घरात नेमके हेच घडत असावे. मोठे काका एखादा निरोप पुढे ढकलतात तेव्हा त्यांच्या मते ते ‘चांगली माहिती वाटतात’. तुमचे वडील तोच निरोप वाचतात तेव्हा त्यांना आपला थोरला भाऊ कुणाच्या तरी जिवाशी खेळताना दिसतो. एकाला शिष्टाचाराचा प्रश्न वाटतो, दुसऱ्याला पापाचा. अशा वेळी ‘जाऊ दे ना, घरातलेच आहेत’ हे वाक्य वडिलांच्या कानाला ‘घरातल्याने केले तर चालते’ असे ऐकू येते.

तिसरा धागा कमी उदात्त आहे, आणि तो माझ्याही ओळखीचा आहे. चूक सापडण्यात सुख असते. ज्याने तीस-पस्तीस वर्षे यंत्रातला बिघाड शोधून पगार मिळवला, त्याच्या हातून निवृत्तीच्या दिवशी ते काम गेले तरी डोळा तसाच राहतो. व्हॉट्सॲपवर बिघाड रोज आपणहून चालत येतात. उत्तर पाठवले की कधी कुणी अंगठा दाखवते, कधी निळ्या खुणा उमटून नुसती शांतता राहते, कधी भांडण पेटते. बक्षीस केव्हा मिळेल ते ठाऊक नसले की सवय अधिक घट्ट होते, हे बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांपासून आम्ही शिकत आलो आहोत. आणि वेळेचे गणितही विषम आहे: थाप दहा सेकंदांत पुढे जाते, ती खोडायला तास लागतो, त्यामुळे या कामाला दिवस कधी पुरतच नाही.

माझ्या ओळखीचा म्हणालो तो का, ते सांगतो. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो अशी बातमी देशभर पसरली तेव्हा मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो. चाळीच्या देवळातली मूर्ती पांढऱ्या संगमरवराची. चमचा सोंडेला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध ओढले जाते आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली उतरते. पांढऱ्यावर पांढरे, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. मी घरून वाटीभर दुधात कुंकू कालवून नेले, रांगेत दीड तास उभा राहिलो आणि सर्वांदेखत तो लाल ओघळ सोंडेवरून पोटावर आणि पोटावरून पायाशी उतरताना दाखवला. मला टाळ्यांची अपेक्षा होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. मूर्तीच्या पायाशी तळमजल्यावरच्या एक आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “दूध कुठं जातं ते मला ठाऊक आहे रे, सकाळपासून फडकं माझ्याच हातात आहे.” आणि त्यांनी माझे कुंकवाचे दूधही पुसून घेतले.

त्या रात्री मला झोप आली नाही. आजींच्या अज्ञानाचा राग आला असता तर एक वेळ परवडले असते. माझा शोध तिथे कुणाला नकोच होता, हे मला बोचत होते. चिकाटीने खोडून काढणाऱ्यांची मोठी चूक इथे असते, असे मला पुढे व्यवसायात वारंवार दिसले. समोरच्याला ‘माहीत नाही’ असे ते धरून चालतात आणि माहितीचा पुरवठा वाढवत नेतात. समोरच्याला पुष्कळदा माहीत असते किंवा निदान शंका तरी असते, पण तो त्या रांगेत दुधासाठी उभा नसतो. तुमचे मोठे काकाही निरोप पुढे पाठवतात ते बहुधा ‘मी अजून आहे, तुमची आठवण काढतो’ एवढेच कळवण्यासाठी. त्याला उत्तर म्हणून विमानांविषयीचा चार परिच्छेदांचा खुलासा आला, तर मूळ निरोपाला उत्तर मिळालेलेच नसते.

हा खुलासा बरोबर असतो, हे मी पुन्हा सांगतो. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, तेव्हा तो दावा नवा नव्हता; १९७४ सालीच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी प्राचीन म्हणून सांगितली जाणारी वैमानिक शास्त्राची पोथी तपासून ती विसाव्या शतकातली असल्याचे आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत असे दाखवले होते. तुमच्या वडिलांनी हेच लिहिले असणार.

परंतु प्राणायामाचे काय? इथे मी तुमच्या बाजूने बोलणार आहे. संथ श्वसनाने रक्तदाब थोड्या प्रमाणात उतरतो याला बऱ्यापैकी पुरावा आहे. त्याने कर्करोग बरा होतो याला नाही. ही दोन विधाने वडिलांनी एका गाठोड्यात बांधली, आणि संशयवादी माणूस व नुसता खोडून काढणारा माणूस यांच्यातला फरक मी अशा ठिकाणी पाहतो. पहिल्याला ‘ठाऊक नाही’ म्हणता येते. बुलढाण्यातील लोणारचे सरोवर दीर्घकाळ ज्वालामुखीचे विवर समजले जात होते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने आघाताच्या दाबाने काचेसारखी बनलेली खनिजे दाखवली आणि ते उल्केचे ठरले. सत्तरच्या दशकाआधी कुणी ‘आकाशातून धोंडा पडून झाले’ म्हटले असते, तर त्याला तुमच्या वडिलांनी कोणत्या गाठोड्यात टाकले असते, हे त्यांना विचारून पाहा. त्यांना प्रश्न आवडेल असा माझा अंदाज आहे.

संशयवाद्यांच्या संघटनांनाही ही आंधळी जागा सुटलेली नाही. अमेरिकेत १९७६ साली विलक्षण दाव्यांची तपासणी करण्यासाठी नामवंतांची एक समिती स्थापन झाली. अव्वल खेळाडूंच्या जन्मवेळी मंगळ सरासरीपेक्षा जास्त वेळा विशिष्ट जागी असतो, या फ्रान्समधील मिशेल गोकलँ यांच्या दाव्याची छाननी तिच्या सदस्यांनी केली. समितीच्या संस्थापकांपैकी एक, डेनिस रॉलिन्स, फलज्योतिषावर काडीचाही विश्वास नसलेले, त्यांनीच १९८१ साली सहकाऱ्यांवर आरोप केला की आकडे मनासारखे आले नाहीत तेव्हा ते सरळपणे मान्य केले गेले नाहीत. पुढे फ्रेंच संशोधकांच्या स्वतंत्र चाचणीत तो परिणाम आढळला नाही, म्हणजे दावा शेवटी पडलाच. तरीही बरोबर बाजूला असलेली माणसेसुद्धा आपल्या बाजूची असल्यामुळे चुकू शकतात, ही गोष्ट उरतेच.

चुकण्याविषयी बोलतो आहे तर माझीही एक चूक कबूल करतो. २०१० साली ब्रेंडन नायहन आणि जेसन रायफ्लर यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यात चुकीची माहिती दुरुस्त केल्यावर काही लोक तिलाच अधिक घट्ट धरून बसल्याचे दिसले होते. मी पुढे अनेक वर्षे घरोघरच्या मंडळींना सांगत होतो की खोडून काढू नका, समोरचा आणखी हट्टाला पेटेल. २०१९ साली टॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर, ५२ विषयांवर तपासले तेव्हा हा उलटा परिणाम जवळपास सापडलाच नाही. दुरुस्ती वाचून लोक सरासरीने वस्तुस्थितीच्या दिशेनेच सरकले. ऐकायला चमकदार म्हणून मी एका कच्च्या निष्कर्षाचा प्रचारक बनलो होतो, आणि तोही नेमका या विषयात. तेव्हा ‘बाबा, काही उपयोग होत नाही’ असे वडिलांना सांगू नका. ते खरे नाही, आणि त्यांना ते खरे नसल्याचे ठाऊक असण्याचीही शक्यता आहे.

उपयोग कुणाला होतो, हे मात्र त्यांच्या लक्षात आणून द्यावे. एमिली व्रागा आणि लेटिशिया बोडे यांच्या अभ्यासमालेत असे दिसले आहे की एखाद्याची चूक सर्वांसमोर दुरुस्त केली जाते तेव्हा ती पाहणाऱ्या इतरांच्या चुकीच्या समजुती कमी होतात. म्हणजे त्यांचे खरे वाचक मोठे काका नाहीतच. गटातली जी चाळीस माणसे काहीही न लिहिता वाचत असतात, त्यांतली एखादी मामेबहीण उद्या गाठ लागली म्हणून डॉक्टरकडे जाईल, आणि ती कधी कळवणारही नाही. त्या वाचकांसाठी विश्वासार्ह आधारासह लिहिलेला एक शांत, चार ओळींचा निरोप पुरतो. त्यानंतरचे छत्तीस निरोप काकांशी चाललेले युद्ध असते, आणि ते पाहणारे मग मुद्दा विसरून बाजू निवडू लागतात.

या बाबतीत डॉ. जयंत नारळीकर यांनी पुण्यात केलेली चाचणी मला आदर्श वाटते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मतपशिलांवरून पत्रिका तयार केल्या आणि त्यांतल्या ४० पत्रिका प्रत्येक ज्योतिषाला पाठवून, कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. ५१ ज्योतिषांनी भाग घेण्याची तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरे पाठवली आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के निघाले. नाणे उडवले असते तरी सुमारे ५० टक्के आले असते. कुणाचाही पाणउतारा झाला नाही. निष्कर्ष २००९ साली ‘करंट सायन्स’ मध्ये छापून आले. साखरपुड्यात गुरुजींशी अर्धा तास हुज्जत घालण्यापेक्षा या मार्गाला चिकाटी जास्त लागते, पण तिला शेवट असतो.

घरात काय करता येईल? तीनच गोष्टी सुचवतो, आणि त्याही एकदम करू नका. वडिलांशी त्यांच्या मुद्द्यांविषयी बोला, वेळेविषयी नंतर. तुम्ही विज्ञान मानणाऱ्या आहात, त्यामुळे तुमच्याकडून आलेली ‘इथे तुम्ही जास्त ताणलेत’ ही सूचना आईच्या ‘वेड लागलंय’ पेक्षा त्यांना अधिक ऐकू जाईल. आईंनाही हा शब्द टाळायला सांगा. रात्री अकरानंतर उत्तर न देता ते लिहून ठेवायचे आणि सकाळी चहानंतर पाठवायचे की नाही ते ठरवायचे, एवढा एकच नियम त्यांना स्वतःला ठरवू द्या. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची अर्धीअधिक उत्तरे सकाळी पाठवलीच जात नाहीत. तिसरी गोष्ट मोठ्या काकांची. दोघा भावांची धाकटी बहीण एकच होती. सहा वर्षांत तिच्याविषयी ते एकमेकांशी बोलले आहेत का, हे तुमच्या पत्रात नाही, आणि माझा संशय आहे की ते बोललेले नाहीत. काढे देणाऱ्याकडे तिला पहिल्यांदा कोणी नेले, हाही प्रश्न त्यांच्यामध्ये उभा असू शकतो. तसे असेल तर तो घरच्या घरी सोडवायला जाऊ नका. दोघांना माझ्याकडे किंवा तुमच्या जवळच्या एखाद्या अनुभवी समुपदेशकाकडे एकत्र बसवावे लागेल.

दिवाळीची साफसफाई जवळ आली आहे, म्हणून आणखी एक सांगतो. कपाटातली रिपोर्टांची पिशवी वडिलांना विचारल्याशिवाय हलवू नका. शक्य झाले तर एखाद्या दुपारी त्यांनाच म्हणा की ती मला एकदा वाचून दाखवा, आणि ते वाचत असताना मध्ये बोलू नका.